थोडा फरक पडणारच!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मध्यंतरी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचन-लेखन बंद होतं. (ज्यांनी फोन करून चौकशी केली त्यांचे आभार. ज्यांनी केली नाही त्यांची नावं लिहून ठेवली आहेत!) आज बसलो आहे तो जरा रागानंच. राग माणसांवर नाही, एका वाक्यावर आहे. ते वाक्य म्हणजे "थोडा फरक पडणारच."

झालं असं. हिला जाऊन आता चार वर्षं होतील. हिचा एक चांगला मोठा फोटो घरात असावा आणि मुलांकडे, भावांकडे एकेक प्रत असावी असं फार दिवस मनात होतं. फोटो २००३ सालच्या धाकटीच्या लग्नातला. अंगावर अंजिरी पैठणी. ती साडी आम्ही दोघांनी येवल्याला जाऊन घेतली होती. दुकानात ट्यूबलाईटखाली हिनं साडी पसंत केली, तेव्हा दुकानदार म्हणाला, "वहिनी, इथं नका ठरवू. ओट्यावर या, उजेडात बघा, मग सांगा." बाहेर नेल्यावर साडी खरोखरच वेगळी दिसली, आणि जास्त आवडली. ही आठवण मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढच्या सगळ्या शास्त्राचा पहिला धडा त्या माणसानं तिथं ओट्यावरच दिला होता.

तर फोटो स्कॅन केला आणि इथं संगमनेरातच एका दुकानात सहा प्रती काढायला दिल्या. तीन प्रती लगेच मिळाल्या. कागद संपला म्हणून उरलेल्या तीन आठवड्यानं मिळाल्या. सहाही घरी आणून जाजमावर शेजारी शेजारी मांडल्या. पहिल्या तिघींत साडी विटकरी, दुसऱ्या तिघींत चॉकलेटी. अंजिरी एकीतही नाही! कपाटातून खरी साडी काढून शेजारी ठेवली. साडी काही खोटं बोलत नाही.

पुन्हा दुकानात गेलो. मुलगा माझाच विद्यार्थी, स्वभावानं गोड. म्हणाला, "सर, आमच्या स्क्रीनवर तर बरोबर दिसतंय. तुमच्या मोबाईलवर वेगळं दिसतं, आमच्या स्क्रीनवर वेगळं, प्रिंटला वेगळं. थोडा फरक पडणारच." मी विचारलं, "अरे, पण मग यातलं खरं कुठलं?" त्यावर तो हसला. उत्तर नव्हतंच.

मी गप्प बसलोही असतो. पण मागच्या महिन्यात मुलाकडे पुण्याला गेलो होतो. नातीनं शाळेसाठी 'माझी आजी' असं चित्र काढलं होतं. आजी जेव्हा गेली तेव्हा ही तीन वर्षांची होती, तिला आजी आठवते ती भिंतीवरच्या फोटोतून. चित्रातल्या आजीची साडी चॉकलेटी. त्या पोरीच्या लेखी आजीची साडी आता जन्मभर चॉकलेटीच राहणार. याला मी थोडा फरक म्हणायला तयार नाही.

आता शास्त्राकडे येतो. मी मराठी माध्यमाचा बी.ए., आयुष्यभर भाषा शिकवली. पण माझा एक पुतण्या पुण्यात छपाईच्या धंद्यात आहे. त्याला दोन संध्याकाळी चहा पाजून जे समजून घेतलं, ते माझ्या भाषेत मांडतो.

पडदा, म्हणजे मॉनिटर किंवा मोबाईल, रंग दाखवतो तो लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून. छपाईत प्रकाश नसतो, शाई असते. निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी. पांढऱ्या कागदावर पडलेल्या उजेडातला काही भाग ही शाई गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यात येतो. म्हणजे एकीकडे मिळवणी, दुसरीकडे वजाबाकी. फाईलमध्ये रंग नसतोच, नुसते आकडे असतात. लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका. आणि हे आकडे म्हणजे पाककृतीतल्या 'एक वाटी'सारखे आहेत. वाटी कुणाची? तुमच्या घरची, माझ्या घरची की खानावळीतली? प्रत्येक पडद्याची आणि प्रत्येक प्रिंटरची वाटी वेगळी, म्हणून त्याच आकड्यांतून कुठं अंजिरी निघतो, कुठं विटकरी.

यावर उपाय निघून पुष्कळ वर्षं झाली. ज्यांनी बोर्डाचे पेपर तपासले आहेत त्यांना तो लगेच समजेल. एक परीक्षक हात आखडून गुण देतो, दुसरा सढळ हातानं. म्हणून वर नियामक असतो. कोणाचा हात कसा आहे हे त्यानं ओळखायचं आणि सगळ्यांना एका पातळीवर आणायचं. रंगांच्या बाबतीत ही सामाईक पातळी प्रकाश आणि रंग यांच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं १९३१ साली ठरवली. माणसाचा डोळा रंग कसा पाहतो याच्या प्रयोगांवरून रंगाला आकडे दिले. १९७६ साली त्याची 'लॅब' नावाची सुधारित मोजणी आली. हे आकडे कुठल्याही यंत्राचे नाहीत, ते प्रत्यक्ष दिसणाऱ्या रंगाचे आहेत. पुढे १९९३ साली संगणक आणि छपाई क्षेत्रातल्या कंपन्यांनी एकत्र येऊन आयसीसी ही संस्था काढली आणि प्रत्येक यंत्राची ओळख एका ठराविक पद्धतीच्या फाईलमध्ये लिहून ठेवायचं ठरवलं. ती फाईल म्हणजे कलर प्रोफाइल. "हा परीक्षक तांबड्यात पाच गुण जास्त देतो, हिरव्यात तीन कमी" असा नियामकाचा शेराच म्हणा ना.

पण परीक्षक सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं असं मनाला येईल तसं तपासू लागला, तर नियामक काय करणार? म्हणून प्रोफाइलच्या आधी येतं कॅलिब्रेशन. म्हणजे यंत्राला एका ठरलेल्या स्थितीत आणणं आणि तिथंच ठेवणं. पडद्याचा उजेड किती, त्याचा पांढरा किती पांढरा, प्रिंटरची सगळी छिद्रं उघडी आहेत ना, शाई तीच ना, कागद तोच ना. आधी हात स्थिर करायचा, मग त्या हाताची ओळख लिहायची. हा क्रम चुकला की प्रोफाइल म्हणजे शिळा पंचांग!

प्रोफाइल तयार करणं म्हणजे काही जादू नाही. शेकडो रंगीत चौकटींचा एक तक्ता असतो, प्रत्येक चौकटीचे आकडे माहीत असतात. कोणतीही दुरुस्ती न लावता तो तक्ता छापायचा, शाई पुरती वाळू द्यायची, मग स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाच्या यंत्रानं प्रत्येक चौकट मोजायची. मागितलं काय आणि मिळालं काय, यातला फरक संगणक लिहून ठेवतो. मात्र ही ओळख त्या प्रिंटरची, त्या शाईची आणि त्या कागदाची एकत्र असते. यातलं एक जरी बदललं तरी ओळख नवी करावी लागते. आता माझ्या सहा प्रती आठवा. पहिल्या तीन एका कागदावर, पुढच्या तीन दुसऱ्या कागदावर. दुकानदाराच्या यंत्रात कागद बदलला, पण प्रिंटरला कोणी सांगितलंच नाही. पुतण्या म्हणाला, "काका, तुमचं भूत सापडलं."

आता माझ्या विद्यार्थ्याचा आणि त्याच्यासारख्या अनेकांचा बचाव तपासू.

पहिला बचाव, "आमच्या डोळ्याला कळतं, यंत्र कशाला?" याला माझ्याकडे ताजं उत्तर आहे. ऑपरेशननंतर पट्टी निघाली तेव्हा उजव्या डोळ्यानं भिंत पांढरीशुभ्र, जराशी निळसरच दिसली आणि डाव्या डोळ्यानं तीच भिंत पिवळट. डॉक्टर म्हणाले, वयानं डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं, आपल्याला ते समजत नाही. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांचं एकमत नाही, तर दुकानदाराचा कुठला डोळा प्रमाण धरायचा? शिवाय डोळा जुळवून घेतो. पिवळ्या दिव्याखाली कागद पांढराच वाटतो, कारण मेंदू पिवळेपणा वजा करून टाकतो. जगायला हा गुण फार चांगला, मोजायला अगदी वाईट.

दुसरा बचाव, "पूर्वी कुठं होती यंत्रं? तरी छपाई सुंदर व्हायचीच ना?" व्हायची, मान्य. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. १९७२ साली आगीत तो नष्ट झाला. आमच्या जुन्या घरातल्या लक्ष्मीचं चित्र तसलंच, ओलिओग्राफ. पण ते कसं छापत? प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. रंग फोडून दगडावर उतरवणारे कारागीर त्यातच मुरलेले, काही तर जर्मनीहून आणलेले. एकेक रंग चढत गेल्यावर चित्र कसं दिसतं याचे नमुने ते छापून जवळ ठेवत आणि पुढचा प्रत्येक छाप त्या नमुन्याशी ताडून पाहत. ठरलेला नमुना, ओळखीची शाई, मुरलेला हात. याला कॅलिब्रेशन नाही तर काय म्हणायचं? पूर्वी हे काम माणसं करत होती. आपण ती माणसं काढून टाकली आणि त्यांच्या जागी आलेलं यंत्रही घेतलं नाही. आणि वर पूर्वजांचे दाखले देतो!

तिसरा बचाव, "साडीचा रंग जरा बदलला म्हणून कोणाचं काय बिघडतं?" आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात भात होतो. भाताच्या पानाचा रंग पाहून युरिया द्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं प्रचारात आणलेला एक तक्ता आहे. प्लास्टिकच्या पट्टीवर पिवळसर हिरव्यापासून गर्द हिरव्यापर्यंत छटा. पान पट्टीला लावायचं आणि तेही आपल्या अंगाच्या सावलीत धरून, ऊन थेट पडू न देता. दहा पानं पाहायची. निम्म्याहून जास्त पानं ठरलेल्या छटेपेक्षा फिकट निघाली तर खत द्यायचं. एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे मी या तक्त्याची रंगीत झेरॉक्स पाहिली. चारी हिरवे रंग एकमेकांत मिसळलेले, त्यातले दोन तर सरळ निळसर. त्या कागदावर विसंबून हा माणूस खताची गोणी फोडणार! इथं थोडा फरक म्हणजे वाया गेलेला पैसा आणि बिघडलेलं पीक. डाळिंबाच्या, टोमॅटोच्या रोगांची जी चित्रं पत्रकांवर छापलेली असतात त्यांचंही तेच. नत्र कमी पडलं तर जुनी पानं आधी पिवळी पडतात, लोह कमी पडलं तर नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. छपाईनंच सगळ्या पानावर पिवळी झाक आणली तर शेतकऱ्यानं ओळखायचं काय? शाळेच्या प्रयोगशाळेतल्या पीएच कागदाचा रंगतक्ता झेरॉक्स करून वर्गात वाटलेलाही मी पाहिला आहे. मुलं बिचारी आम्ल की अल्कली यावर भांडत होती आणि दोघंही बरोबर नव्हती.

आणि ज्यांना वाटतं रंग ही मोजायची गोष्टच नाही, त्यांनी आपल्या राष्ट्रध्वजाकडे बघावं. त्याच्यासाठी 'आयएस १' नावाचं भारतीय मानक आहे. त्यात केशरी म्हणजे नुसतं 'केशरी' लिहून सोडलेलं नाही. मघाशी सांगितलेल्या १९३१ च्या पद्धतीनं ०.५३८ आणि ०.३६० असे आकडे दिले आहेत, पांढऱ्याचे आणि हिरव्याचेही आहेत, आणि ते कोणत्या प्रमाण उजेडात मोजायचे हेही सांगितलं आहे. देशानं आपल्या केशरी रंगाला आकडा दिला, कारण तो ज्याच्या त्याच्या मनावर सोडायचा नव्हता. २०२२ साली 'हर घर तिरंगा'च्या वेळी आमच्या गल्लीत मी फिरून पाहिलं, चार घरांवर चार केशरी होते. एक तर चक्क लाल. कोणालाही खटकलं नाही. थोडा फरक पडणारच!

चौथा बचाव पैशाचा. तो मात्र मी हसण्यावारी नेत नाही, कारण छोट्या दुकानदाराचं गणित मला ठाऊक आहे. प्रिंटर मोजायचं यंत्र खरंच महाग असतं. पण पडदा मोजणारं छोटं यंत्र साधारण एका मध्यम मोबाईलच्या किमतीत येतं. प्रिंटरच्या आणि कागदाच्या अनेक कंपन्या आपापल्या कागदांची प्रोफाइल्स फुकट देतात, ती उतरवून घ्यायला खर्च शून्य. विंडोजमध्ये पडदा डोळ्यानं का होईना जुळवून घ्यायची सोय आहे, ती कोणी उघडूनही पाहत नाही. गावात चार दुकानदारांनी मिळून एक मोजयंत्र घेतलं तर कोणाचंही दिवाळं निघणार नाही. पेढेवाल्याच्या काट्यावर वजनमापं खात्याचा शिक्का असतो, तो ठराविक मुदतीनं पुन्हा तपासून घ्यावा लागतो. पाव किलोत वीस ग्रॅम कमी भरले तर आपण दुकानात आवाज चढवतो. रंगाच्या काट्याला शिक्का नाही, म्हणून मापात पाप खपतं. मी इन्स्पेक्टर पाठवा असं म्हणत नाही, आहेत तेवढे पुरेत. फक्त लाज वाटली पाहिजे, एवढंच म्हणतो.

आता थोडं स्वतःकडे. दुकानदारावर एवढं तोंडसुख घेतल्यावर पुतण्यानं माझ्या घरच्या प्रिंटरची तपासणी केली. निकाल असा: बाटलीतली स्वस्त शाई भरलेली, पण प्रिंटरला वाटतंय कंपनीचीच आहे. फोटोचा कागद घातलेला, पण निवड 'साधा कागद' अशी. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवलेला, म्हणून छापलेला प्रत्येक फोटो काळवंडलेला वाटायचा. आणि कहर म्हणजे रंगांची दुरुस्ती फोटोच्या प्रोग्रॅमनंही केलेली आणि प्रिंटरनंही. एकाच पेपरवर दोन नियामकांनी प्रत्येकी दहा दहा गुण वाढवावे तसा प्रकार! पुतण्या म्हणाला, "काका, एकालाच करू द्या, दुसऱ्याला सुट्टी." चारही गोष्टी दुरुस्त करायला अर्धा तास लागला. वर्षानुवर्षं मीही 'प्रिंटरच भंगार आहे' असं म्हणत होतो. तेव्हा विद्यार्थ्याआधी मास्तरनंच छडी खाल्ली हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

आणखी एक कबुली द्यायला हवी, नाहीतर वाद एकतर्फी होईल. सगळं करूनही पडद्यावरचा प्रत्येक रंग कागदावर उतरत नाही. झळाळता पोपटी, भडक केशरी, विजेच्या दिव्यासारखा निळा हे चार शायांच्या आवाक्याबाहेरचे असतात. तिथं फरक पडणारच. पण तो किती पडेल हे प्रोफाइल लावून छापण्याआधी पडद्यावर पाहता येतं आणि गिऱ्हाईकाला सांगता येतं. "साहेब, हा पोपटी एवढाच उतरेल, चालेल का?" असं विचारणारा दुकानदार मला शंभर टक्के मान्य आहे. माझं भांडण फरकाशी नाहीच, न मोजलेल्या फरकाशी आहे. मोजून सांगितलेला फरक ही मर्यादा असते, आणि न मोजता सांगितलेला "थोडा" म्हणजे आळस. माझ्या साडीचं म्हणाल तर अंजिरी शायांच्या आवाक्यातला आहे. पुतण्यानं त्याच्याकडे नेऊन, साडीशी ताडून एक प्रत छापून आणली. दुपारी अंगणातल्या सावलीत साडीशेजारी धरली. तंतोतंत नाही, पण अंजिरीच. मी बराच वेळ तिथं उभा होतो.

आपल्या भाषेत अंजिरी, आमसुली, डाळिंबी, वांगी, गुलबक्षी, राणी, अबोली हे सगळे वेगवेगळे रंग आहेत. आमच्या आया-बायकांना ते अंधारातसुद्धा ओळखू यायचे. हे सगळे छपाईत 'लालसर'मध्ये जमा होऊ लागले तर नातवंडांना शब्द शिकवायचे कुठला रंग दाखवून? भाषेचा शिक्षक म्हणून माझी खरी चिंता ही आहे.

तेव्हा ब्लॉगवाल्या मित्रांनो आणि नातेवाईक मंडळींनो, पुढच्या वेळी फोटो छापायला द्याल तेव्हा तीनच प्रश्न विचारा. पडदा शेवटचा कधी जुळवला? या कागदाचं प्रोफाइल लावलं आहे का? सगळ्या प्रती एकाच कागदावर, एकाच शाईत काढणार ना? आधी एक छोटी प्रत काढून घ्या आणि येवल्याच्या त्या दुकानदारासारखी ओट्यावर नेऊन दिवसाच्या उजेडात बघा. मगच मोठ्या प्रती सांगा. आपण विचारायला लागलो की दुकानदार शिकतात. माझा विद्यार्थी शिकतो आहे. परवा मला दुरूनच म्हणाला, "सर, स्क्रीन जुळवून घेतली बरं का!" मी त्याला कपाटातली पैठणी नेऊन देणार आहे, नमुना म्हणून. एका दिवसापुरती, हे सांगायला नको.

आणि ज्या पाच घरांत विटकरी-चॉकलेटी प्रती गेल्या आहेत त्यांनी त्या उतरवून ठेवाव्यात. नव्या प्रती दिवाळीत येताना घेऊन येतो. पुण्याची पहिली.